‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ याच्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न : माझी आई गेल्या कार्तिकात गेली. वय ८६. माहेर निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचा मळा. लग्नानंतरचं सगळं आयुष्य नाशिकरोडला; वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. आम्ही तिघं भावंडं. आमच्याआधी तिचं एक बाळ आठ महिन्यांचं होऊन गोवरानं गेलं, त्याविषयी ती कधी बोलली नाही. आम्ही मोठे झाल्यावर तिनं चार बायका जमवून महिला मंडळ सुरू केलं. दर गुरुवारी सिव्हिलमधल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी पोळी-भाजी घेऊन जायची, पोलिओच्या बूथवर बसायची. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढावी आणि कीर्तनाआधी पाच मिनिटं वाचावं असं मनात आहे. पण लिहायला बसले की ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ याच्या पुढे पेन सरकत नाही. मोठा भाऊ म्हणतो, चार ओळी पुरेत, आणि हक्कसोडीचा, म्हणजे माहेरच्या जमिनीतला हक्क सोडून दिल्याचा, विषय तर काढूच नकोस. हातात तीन महिने आहेत. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर :

ताई, तुमचं पेन अडलंय ते शब्द सुचत नाहीत म्हणून नाही. लिहायला लागणारा ऐवज अजून गोळा झालेला नाही, म्हणून. ते तीन शब्द प्रत्येक शोकपत्रिकेत असतात आणि कुणाच्याही फोटोखाली चालतात. लिहिताना हीच कसोटी ठेवा: जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही बाईच्या फोटोखाली तसंच्या तसं चालेल, ते खोडायचं.

पहिला महिना लिहूच नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात भक्कम वाक्य गुरुवारच्या पोळी-भाजीचं आहे, तिथून माहिती काढायला लागा. पोळ्या किती असायच्या? कुणालाच आकडा आठवत नसेल तर पिठावरून काढा. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. पीठ घरचं की मंडळाच्या वर्गणीतून? वर्गणी कुणाकडे जमायची, कोणत्या वहीत लिहिली जायची? भाजी कोणती, आणि तीच का? नाशिकरोडहून सिव्हिल आठ-दहा किलोमीटर, मग डबे बसनं जायचे की रिक्षानं, सोबत कोण असायचं, परत किती वाजता? एवढी उत्तरं मिळाली की परिच्छेद असा होतो (हा नमुना आहे, तपशील तुमचे घाला):

“गुरुवारी ती साडेचारला कणीक भिजवायची. दोन किलो पिठाच्या साठेक पोळ्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून डब्यात जायच्या. भाजी बटाट्याची, कोरडीच. रस्सा बसमध्ये सांडतो. वॉर्डाबाहेर बसलेल्या माणसाला ती आधी गाव विचारायची, मग पोळी द्यायची.”

यात ‘कष्टाळू’ नाही आणि ‘प्रेमळ’ही नाही. वाचणाऱ्याला दोन्ही कळतं.

आता कागद. घरातली पत्र्याची पेटी, कपाटाचा वरचा कप्पा, देवघराखालचा खण, तिन्ही ठिकाणं बघा. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर त्यावरचं माहेरचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या. पत्रिकांमध्ये बाईचं लग्नानंतरचं नाव असतं, बरेचदा नवऱ्याच्या नावाला जोडून. माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव पुढच्या पिढीत कुणालाच सांगता येत नाही. पुस्तिकेत ते पहिल्या पानावर पाहिजे. दाखल्यावर जन्मतारीख ‘१ जून’ दिसली तर ती खरी धरून चालू नका. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी सर्रास १ जून लावत. खरी तारीख हवी असेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गावाची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, बघायचा अर्ज करा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात आणि तिथं बाळाचं नाव नसून ‘अमक्यास मुलगी’ एवढंच असतं. त्यामुळे आजोबांचं पूर्ण नाव आणि भावंडांचा क्रम माहीत नसेल तर नोंद समोर असूनही ओळखता येत नाही. आधी क्रम लावून मगच कचेरीत जा.

जुनं रेशनकार्ड हा फार कामाचा कागद. त्यावर कोणत्या साली घरात कोण होतं, कुणाचं वय किती, हे एका नजरेत मिळतं; फक्त वयं एक-दोन वर्षांनी चुकलेली असतात. गॅसच्या कार्डावरून चूल कधी सुटली ते कळतं. वडिलांच्या नोकरीच्या कागदांत कदाचित तिची सही किंवा अंगठा असेल. सही असेल तर ती स्कॅन करून पुस्तिकेत घाला. मंडळाची इतिवृत्ताची वही कुणाकडे आहे ते आत्ताच विचारा. अध्यक्षबाई बदलल्या की या वह्या रद्दीत जातात.

साल आठवत नसेल तर प्रश्न फिरवून विचारायचा. ‘ताईचं लग्न कोणत्या साली?’ याला म्हाताऱ्या माणसाकडं उत्तर नसतं. ‘गोदावरीला मोठा पूर आला तेव्हा थोरला पाळण्यात होता का?’ याला असतं. तो पूर १९६९ चा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटेचा. १९७२ चा दुष्काळ, तेव्हाची खडी फोडायची कामं, सुकडी आणि मिलो ज्वारी ज्यानं खाल्ली तो विसरत नाही. नया पैसा आला १९५७ च्या एप्रिलात. अलीकडच्या गोष्टींना १९९१, २००३ आणि २०१५ चे सिंहस्थ आहेत. पल्स पोलिओ १९९५ च्या डिसेंबरात सुरू झाला, म्हणजे आईचं बूथवर बसणं त्यानंतरचंच. पुस्तिकेत कुणी ‘१९९० पासून पोलिओचं काम’ असं लिहून दिलं तर ते दुरुस्त करा. अशा खुंट्या ठोकून एका मोठ्या कागदावर डावीकडे साल आणि उजवीकडे घटना मांडा. कुठं दहा-दहा वर्षं कोरी राहिलीत ते लगेच दिसेल. बहुतेक घरांत लग्नाआधीची वर्षं आणि मुलं शाळेत असतानाची वर्षं कोरी असतात.

लग्नाआधीची वर्षं भरून काढणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं, कारण मुलांनी ती पाहिलेलीच नसतात. इथं एक चूक हमखास होते. आज त्या मळ्यात द्राक्षाचा मांडव दिसतो आणि लिहिणारा लिहून टाकतो, ‘आई द्राक्षबागेत वाढली’. तिच्या लहानपणी निफाडकडच्या बहुतेक मळ्यांत बाजरी, गहू, हरभरा, भुईमूग होता, पाणी असेल तिथं ऊस. नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याचं पाटपाणी जिथं पोचत होतं तिथली शेती वेगळी आणि मोटेवरची वेगळी. म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा: पाटाचं की विहिरीचं? विहिरीचं असेल तर मोट कोण हाकायचं, बैल किती, आणि वाफ्यावर दारं कोण धरायचं, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कोण वळवायचं? मोटेला गडी, आणि दारं धरायला बहुधा घरातल्या पोरी असत. पाण्याची पाळी पहाटे आली तर पोरगी शाळेत उशिरा पोचायची किंवा पोचायचीच नाही. आईची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली याचं कारण अशाच उत्तरात सापडतं. पुढे निंदणी-खुरपणीला पात कुणाबरोबर धरायची, सोंगणीला किती बायका असायच्या, खळं कुठं व्हायचं, घरी दळण कोण दळायचं, जातं एकटीनं ओढायची की दोघी मिळून, हे विचारा. मोजमाप त्यांच्याच भाषेत राहू द्या. ‘पायलीभर बाजरी’ ऐकलं तर ‘पायलीभर’च लिहा, पायलीचं माप गावागणिक बदलायचं, त्याचे किलो करत बसाल तर चुकेल.

जात्यावरच्या ओव्या कुणाला येत असतील तर म्हणून घ्या आणि रेकॉर्ड करा. ओवीत माहेरचं गाव, भावाचं नाव, नदी, देव, सगळं असतं. आणि म्हणणारीच्या तोंडून ती जशी येते तशीच लिहा, शुद्धलेखन करायला जाऊ नका.

विचारायचं कुणाला? मावशी असतील तर सगळ्यात आधी त्यांना. मग जाऊ, नणंद, मंडळातल्या दोन बायका, आणि शेजारची अशी एखादी जिच्याशी आईचं भांडणही व्हायचं. ती खरं सांगते. एका वेळी एकीलाच भेटा. चार जणी एकत्र बसल्या की मोठ्या आवाजाची बोलते आणि बाकीच्या ‘हो ना’ म्हणतात. मुलगे-सुना समोर असतील तर म्हातारी बाई सासरच्या दिवसांवर बोलत नाही. दुपारची वेळ बरी, आणि हाताला काही काम असलं तर फारच बरं. शेंगा फोडता फोडता माणूस मोकळं बोलतं. पाऊण तासाच्या वर थांबू नका, हवं तर पुन्हा जा. फोन एरोप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा (रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर शब्द गिळते), फोन घडी घातलेल्या टॉवेलवर त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला आपल्या तोंडानं तारीख, त्यांचं नाव, गाव बोला, म्हणजे दहा वर्षांनी ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळेल. ‘आई कशी होती?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ‘देवमाणूस होती’ हे ठरलेलं आहे. वस्तू, वाट, वेळ आणि माणसं, एवढंच विचारा. त्या गप्प झाल्या तर तुम्हीही गप्प राहा; पुढचं वाक्य बरेचदा त्यानंतर येतं.

आता बाळाचं. आमचं मत स्पष्ट आहे: लिहावं. ते तिचं मूल होतं, आणि ‘तीन अपत्यं’ असं छापलं तर तिच्या आयुष्यातलं एक वर्ष पुसल्यासारखं होतं. पण एकच ओळ, विशेषणाशिवाय. नाव ठेवलेलं असेल तर नाव, साल, ‘आठ महिन्यांचं असताना गोवरानं गेलं’. ती त्यावर का बोलली नाही याचा अंदाज बांधू नका. ‘तिनं आयुष्यभर हे दुःख उराशी जपलं’ असलं वाक्य तिच्या तोंडी तुम्ही घातलेलं ठरेल. छापण्याआधी दोन्ही भावंडांना ती ओळ वाचून दाखवा. पोलिओच्या बूथवर ती का बसायची याचं उत्तर कदाचित इथंच असेल, पण तसं ती स्वतः कुणाजवळ बोलली असेल तरच लिहा. नाहीतर दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवा, जोडायचं काम वाचणारा करील.

हक्कसोडीच्या बाबतीत भावाचं अर्धं बरोबर आहे. वर्षश्राद्धाला मामाकडची माणसं येणार, त्यांच्या हातात पडणारी पुस्तिका ही वाटण्यांचा हिशेब मांडायची जागा नाही. किती एकर, आज भाव काय, कुणी काय शब्द दिला होता, हे त्यात नको. पण तिनं लग्नापर्यंत त्या मळ्यात राबून काय काय केलं हे मात्र पूर्ण लिहा, त्यावर कुणाचा आक्षेप असू शकत नाही. बाकीचं घरच्या प्रतीत ठेवा. आजोबांच्या पश्चात झालेली वारस नोंद आणि हक्कसोडीचा फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) तलाठी कार्यालयात मिळतो. त्यावरची तारीख आणि सही बघितली की ऐकीव गोष्टींपैकी किती खरं ते कळतं. त्याची नक्कल काढून पाकिटात ठेवा. हक्काचा कायदेशीर प्रश्न असेल तर तो वकिलाकडे, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर.

म्हणजे मजकूर तीन होतात: पाच मिनिटांचं वाचन, छापायची पुस्तिका, आणि घरापुरती जाड फाइल. तिन्ही एकात कोंबायला गेलं की ना वाचता येतं ना छापता येतं. भावाच्या चार ओळी वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीला उत्तम आहेत, त्या त्यांनाच लिहू द्या.

पुस्तिका ए-फाइव्ह आकाराची, १६ पानांची पुरे. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. १८ पानांचा मजकूर नेलात तर छापखाना दोन कोरी पानं वाढवील किंवा टाइप बारीक करील. टाइप १४ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका, वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे असणार. अशा पानावर दोनशे-सव्वादोनशे शब्द मावतात; नऊ-दहा पानं मजकूर धरला तर दोन हजार शब्द, बाकी फोटो. आतला कागद १०० जीएसएम, कव्हर २५० किंवा ३००. सुरुवात जन्मापासून करू नका, गुरुवारच्या पहाटेपासून करा. जन्म-मृत्यूच्या तारखा आणि नातेवाइकांची यादी शेवटच्या पानावर. मुलांच्या पदव्या, नातवंडांची परदेशातली नोकरी एका ओळीत आटपा. आईच्या पुस्तिकेत मुलांचं कौतुक किती शिरतं हे छापून आल्यावर लक्षात येतं.

मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्यात बरेचदा जुन्या फॉन्टमध्ये बदलतात आणि त्यात जोडाक्षरं मोडतात. ‘शेतकऱ्यांच्या’, ‘सुऱ्या’, ‘श्राद्ध’, ‘कर्तव्य’ असे शब्द मुद्दाम तपासा. रफार उडतो किंवा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. प्रूफ कागदावर मागा, स्क्रीनवर नको. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवायचं. हे काम भावाला द्या. जो चार ओळींत आटपा म्हणतो तो चुका नेमक्या पकडतो.

फोटोंत फक्त हार घातलेला शेवटचा फोटो नको. चुलीपाशी, मंडळात, शेतात, हात कामात असलेला एखादा शोधा. छोटा जुना फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर निघतो. फ्रेमसकट खिडकीजवळ तिरपा धरून, फ्लॅश न लावता मोबाइलनं काढा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर छापल्यावर फुटलेला, धूसर दिसतो. फोटोच्या पाठीवर नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. आधार क्रमांक आणि गट नंबर पुस्तिकेत कुठंही येऊ देऊ नका.

वाचनाला पाच मिनिटं म्हणजे साडेपाचशे शब्द, त्याहून एक जास्त नाही. सगळं आयुष्य त्यात बसवायला जाऊ नका. गुरुवार घ्या, मळ्यातली एक पहाट घ्या, बास. कागद मोठ्या टाइपात, एका बाजूला छापलेले, पानांना क्रमांक, पिन नको. रडू आलं तर येऊ द्या. दुसरी प्रत भाचीच्या हातात असू द्या, ती तिथून पुढे वाचील. कीर्तन दहाला असेल तर पावणेदहाला उभं राहा आणि महाराजांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. बारानंतर फुलं वाहण्याच्या गडबडीत कुणी ऐकत नाही. सूत्रसंचालकालाही आधीच सांगा की पाहुण्यांची मनोगतं दोनच, नाहीतर आईला कधी न भेटलेले लोक माइकवर दहा-दहा मिनिटं घेतात.

हिशेब असा धरा: श्रावण-भाद्रपद गोळा करायला, पितृपक्षाच्या गडबडीत फक्त वहीतलं उतरवून काढायचं, आश्विनात लिहायचं, आणि दिवाळीच्या आधी मजकूर छापखान्यात. दिवाळीत छापखाने आठ-दहा दिवस बंद असतात आणि त्याआधी त्यांच्याकडे कॅलेंडरांची, जाहिरातींची गर्दी असते. तुमची तिथी कार्तिकातली, त्यामुळे हे आठ दिवस विसरलात तर पुस्तिका तेव्हा हातात येणार नाही.

मावशींकडे मात्र या रविवारीच जा. जाताना आईचा लग्नातला फोटो, जाड वही आणि चार्जर न्या, आणि रेकॉर्डिंग घरी पोचायच्या आत दोन्ही भावंडांना पाठवून द्या.